राजमातेची उजवी बाजू

अडोमक्रोम,
३ फेब्रुवारी

दुफिए,

माझा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज आणि मग पुढचं वाच, कारण पुढे मी रागावणार आहे.

तुझा निरोप मिळाला. 'मामा, फोन करू नका, पत्र पाठवा.' फोनच्या कंपनीत नोकरी करणारी मुलगी सख्ख्या मामाला सांगते की फोन करू नका. पाववाल्याने पाहुण्याला सांगावं की आमच्याकडचा पाव तेवढा खाऊ नका, तसं झालं हे. मामी म्हणाली, "पोरगी अक्राची मडम झाली." मी म्हटलं, होऊ दे. फोनवर समोरचा मध्येच तोडतो, कागदावर मला कोणी गप्प करू शकत नाही. हे पत्र अक्राला येणाऱ्या ट्रोट्रो गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. थांब्यावर जाऊन घे.

आता कामाचं. माझे गुडघे गेले. उभं आयुष्य मी राजमातेच्या डाव्या हाताला उभा राहिलो. ती पुटपुटते, मी बोलतो. तिने लोकांशी थेट बोलायचं नाही, लोकांनी तिच्याशी थेट बोलायचं नाही, मध्ये ओक्येआमे हवा. हे तुला काय सांगायचं? लहानपणी तू माझी ती सोनेरी मुठीची काठी पळवून परसातल्या कोंबड्यांना न्याय द्यायचीस. गेल्या दरबारात मला मध्येच स्टूल मागावं लागलं. ओक्येआमेने बसून बोलायचं म्हणजे घंटेने आडवं पडून वाजायचं. दरबार संपल्यावर राजमातेने विचारलं, "तुझी ती भाची, कोंबड्यांवाली, ती कुठे असते?"

इतकंच विचारलं. पण मी तिचं पुटपुटणं ओळखतो. काठी तुझ्याकडे यावी असं तिच्या मनात आहे. सहा आठवड्यांतून एक रविवार, नोकरी सोडावी लागणार नाही. तू नाही म्हणालीस तर काठी सरदार बुआडूच्या घरी जाईल, त्याच्या भाच्याकडे. तो मुलगा बोलतो कसा, तर दुकानाची पावती वाचल्यासारखा. या गावात न्याय होतो तो शब्दाने, लाठीने नाही. तो शब्द पावतीसारखा वाचला गेलेला मला बघवणार नाही.

आणि रागाचं आता. नाताळात तू आलीस तेव्हा कानात ती गाण्याची दोन पांढरी बोंडं घालून फुफू खाल्लास. माणसाला डोळे मिटता येतात, तोंड मिटता येतं, कान मिटता येत नाहीत. कशामुळे? दुसऱ्याचं ऐकणं आपल्या मर्जीवर सोडलेलंच नाही म्हणून. राजे आले, गोरे आले, पलटणवाले आले, सगळ्यांनी आमची तोंडं बंद केली. कान कोणाला बंद करता आले नाहीत. ते तुमच्या पिढीने केलं, आणि स्वतःच्या पगारातून केलं.

येत्या दरबाराला ये. राजमातेला तुला उभं करून बघायचं आहे.

गुडघे सोडून बाकी सगळा शाबूत असलेला तुझा मामा,
आम्पोनसेम

*

अक्रा,
१० फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र थांब्यावरच उभं राहून वाचलं. ते बसून वाचण्यासारखं नव्हतं. बाजूला केळी तळणारी बाई म्हणाली, "वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही, मामा." ती म्हणाली, "मग एकच."

मी येते. काठीचं वाचता वाचता माझी गाडी चुकली, हे मामीला सांगा, तुम्हाला सांगत नाही.

पण बोंडांबद्दल तुम्ही अन्याय केलात. आमच्या हॉलमध्ये शंभर माणसं एकदम बोलतात. माझ्या उजव्या कानावर हेडफोन असतो. उजव्याच, कारण डाव्या बाजूला बर्निस बसते आणि तिच्या गप्पा चुकवण्यासारख्या नसतात. मकोला बाजारातून बाई ओरडते की तिचा फोन चालत नाही, आणि ती त्याच फोनवरून ओरडत असते. कोणी जनरेटरशेजारी उभं राहून तक्रार सांगतो. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं, नाहीतर काम होत नाही. सुटल्यावर ट्रोट्रोत पुढे रेडिओ, मागे प्रवचनकार, दारात हाळ्या देणारा कंडक्टर. ते सगळं बुडवायला मी कानात माझं गाणं लावते, त्यांच्याहून मोठं. झोपताना चर्चच्या कॉयरचं रेकॉर्डिंग लावते. त्याशिवाय शांतता सोसत नाही. हे कान बंद करणं नाही, मामा. हे शहरात राहणं आहे.

फोन नको म्हटलं ते एवढ्यासाठीच की दिवसभर फोनच असतो. मनावर घेऊ नका.

एक विचारायचं होतं. राजमाता किती हळू बोलतात? म्हणजे शेजारी उभं असलं की सहज ऐकू येतं ना?

तुमची,
दुफिए

*

अडोमक्रोम,
१५ फेब्रुवारी

दुफिए,

हा काय प्रश्न झाला? राजमाता बोलते ती चाळणीतून पीठ पडल्यासारखी. जिला खरी सत्ता आहे तिला आवाज चढवावा लागत नाही. ओरडतो तो ज्याला आपलं कोणी ऐकेल याची खात्री नसते. तिच्या पुढ्यात बसलेल्यांना ऐकू येणार नाही आणि तुला येईल, एवढंच तिचं माप.

म्हणून नीट वाच. तू तिच्या डाव्या हाताला उभी राहशील. तोंड लोकांकडे, कान तिच्याकडे. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, तोंडाकडे तर मुळीच नाही. राजमाता काही तोंड दाखवायला दाताच्या डॉक्टरकडे आलेली नाही. 'पुन्हा सांगा' म्हणायचं नाही. माझ्या हयातीत कोणी म्हणालेलं नाही. तिच्या चार शब्दांचे तू चाळीस करू शकतेस, साखर घालू शकतेस, काटा काढू शकतेस, तो तुझा हक्क आहे. अर्थ उलटा करायचा नाही.

मामीने तुझ्यासाठी पांढरं कापड काढून ठेवलं आहे.

आम्पोनसेम

*

अडोमक्रोम,
२ मार्च

दुफिए,

या वेळी हात डोक्यावर वगैरे काही नाही.

तू सोमवारी पहाटे न बोलता निघून गेलीस. मागे काय ठेवून गेलीस ते ऐक. नाही, वाच. ऐकणं तुला जड जातं हे मी बघितलं आहे.

तुला डाव्या हाताला उभं केलं. पहिलंच प्रकरण, साधं, दोन भावांच्या विहिरीचं. राजमाता बोलली आणि तू गप्प. मला मागून उठून बोलावं लागलं. मग तू काय केलंस? खुर्चीमागून फिरून राजमातेच्या उजव्या बाजूला गेलीस. मी डोळ्यांनी खुणावलं, परत आलीस. पुन्हा गेलीस. डाव्या बाजूचे सरदार आफ्रिये तिथे बसले होते, उजव्या बाजूचे सरदार बुआडू इथे बसले होते, आणि साऱ्या गावासमोर आम्पोनसेमची भाची काठी घेऊन डावी बाजू सोडून उजवीकडे चालली. एकदा नाही. तुला माहीत नाही का, या दोन बाजूंचं जमिनीवरून किती पिढ्यांचं जुळत नाही? ओक्येआमे डावीकडे उभा राहतो म्हणून तर डाव्यांना वाटतं की राजमातेच्या कानापाशी आपलंही कोणीतरी आहे. आफ्रिये मानाची छत्री मिटून उठून गेले. म्हातारा माणूस उन्हातून चालत गेला, पण दरबारात थांबला नाही. आज बाजारात बोलतात की बुआडूने तुला अक्रात जाऊन फितवलं.

आणि तिच्या तोंडाकडे बघणं. टक लावून. मांजर माशाकडे बघतं तसं. तिने शेवटी कापडाचा पदर ओठांवर धरला. तेव्हा तर तू जे बोललीस त्याचा विहिरीशी काही संबंध नव्हता. फार सुंदर बोललीस, हे दुर्दैव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ अजून विचारताहेत की विहीर कोणाची.

राजमाता मला काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी आजवर दोनच प्रकारचं पाहिलं होतं, हे तिसरं आहे.

सरळ उत्तर दे. तुला कोणी काय कबूल केलं?

आम्पोनसेम

ता. क. मी मामी. यांचं मनावर घेऊ नकोस, पण मलाही एक विचारायचं आहे. शनिवारी मी चुलीपासून हाका मारत होते, मिरची दे म्हणून, आणि तू माझ्याकडे पाठ करून अंगणाकडे बघत हसत होतीस. मग वळलीस आणि मीठ दिलंस. असं पोरीचं होतं तेव्हा कारण एकच असतं. कुठला आहे? आपल्या अशांती जमातीचा असला तर बरं, नसला तरी चालेल, पण चर्चला जाणारा हवा.

*

अक्रा,
९ मार्च

मामा, मामी,

कोणी फितवलं नाही. आणि मामी, पोरगाही नाही. असता तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं.

माझा उजवा कान गेला आहे.

बरेच महिने झाले. आधी काम सुटल्यावर कान जड वाटायचा, कापूस भरल्यासारखा. सकाळपर्यंत मोकळा व्हायचा. मग सकाळीही होईना. मग आत एक बारीक आवाज सुरू झाला, टोळ अडकल्यासारखा, तो थांबतच नाही. मी स्वतःची समजूत घातली की गावाकडे कोणी आठवण काढत असेल. शांतता असली की तो टोळ वाढतो, म्हणून मी झोपतानाही कॉयर लावून ठेवायचे. फोनवर माणसं पुसट झाली म्हणून बटण आणखी फिरवलं. ते शेवटाला पोचलं तेव्हा हेडफोन हाताने कानावर दाबून धरायला लागले. तुम्हाला फोन नको म्हटलं ते यासाठी. तुम्ही काय बोलता ते मला कळलं नसतं आणि मी हो हो म्हटलं असतं, आणि तुम्हाला ते लगेच कळलं असतं.

राजमातेच्या डाव्या हाताला लोकांकडे तोंड करून उभं राहिलं की त्या माझ्या उजव्या कानाशी येतात, मामा. पीठ पडत होतं, पण माझ्या हाताला लागत नव्हतं. उजवीकडे गेले की डावा कान त्यांच्याकडे येतो. इतकंच होतं ते. माझ्या डोक्यात बुआडू नव्हते, आफ्रिये नव्हते, जमीन नव्हती. फक्त कान होता. तोंडाकडे बघितलं कारण ओठ वाचता येतात का ते बघत होते. पदर आला आणि तेही गेलं. मग काहीच ऐकू आलं नाही, आणि तुम्ही म्हणाला होतात की 'पुन्हा सांगा' म्हणायचं नाही, म्हणून मनाचं बोलले. टाळ्या पडल्या तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं.

काठी बुआडूंच्या भाच्याला द्या. पावती वाचल्यासारखा बोलेल, पण जे सांगितलं तेच बोलेल. कृपा करून कोणाला कारण सांगू नका. इथे ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल, तिथे कळलं तर आयुष्यभर मी बहिरी दुफिए होईन. मी अजून डॉक्टरकडे गेले नाही. जोवर जात नाही तोवर ते खरं नाही, असं काहीसं वाटतं.

दुफिए

*

अडोमक्रोम,
१३ मार्च

पोरी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवताना मी मध्येच थांबलो. ती म्हणाली, "गुडघा का?" मी म्हटलं, हो.

आता माझं ऐक, आणि हे मी कितीही मोठ्या अक्षरात लिहिलं तरी ते ओरडणं नव्हे. तू डॉक्टरकडे जाणार आहेस. याच आठवड्यात. जी गोष्ट तपासली नाही ती तुला सगळ्यात वाईट रूपातच दिसणार. अंधारात बांधलेली शेळी बिबट्याएवढी दिसते, आणि तू महिनोन्महिने त्या अंधारात एकटी बसली आहेस. कान गेला हे तुला कोणी सांगितलं? कानानेच ना? आजारी साक्षीदाराच्या एकट्या साक्षीवर मी कधी निकाल होऊ दिला नाही.

आणि त्या कंपनीला काय म्हणावं? गाढवाच्या पाठीवर किती पोती घालायची याचा लोकांनी विचार केला, ट्रोट्रोत किती माणसं कोंबायची याचा कायदा आहे, पाळत नाहीत तो भाग वेगळा. पण माणसाच्या कानात दिवसभर किती आवाज ओतायचा हे तुला कामावर घेताना एकाने तरी सांगितलं का? सुतार बोट गमावतो तेव्हा रक्त दिसतं, सगळे धावतात. तुमच्या हॉलमध्ये शंभर माणसं रोज कण कण कान गमावताहेत आणि रक्त दिसत नाही म्हणून सगळे महिनाअखेरीला हसत पगार घेतात. डोळ्यांनी दिसेल तीच जखम, हा कुठला न्याय? बर्निसला विचार तिचे कान कसे आहेत. विचार तर खरं.

मामी शियाच्या बियांच्या लोण्याची बाटली पाठवते आहे, कोमट करून कानात घालायला. बाटली घे, मान राख, आणि कोपराला लाव. डॉक्टर बघेपर्यंत कानात काहीही घालू नकोस, लोणी नाही, काडी नाही, पीस नाही. ती बोंडं तर नाहीच.

मी कोणाला सांगितलेलं नाही. आफ्रियेंनी मेंढा मागितला, मानभंगाचा. मी देऊन टाकला. बाजारात म्हणतात, मेंढा दिला म्हणजे फितुरी खरीच. म्हणू देत. मी बोलणारा माणूस, गप्प बसलो की पोटात दुखतं, पण तू सांगेपर्यंत दुखू दे. काठी माझ्याजवळच आहे. पुढच्या दरबाराला मीच उभा राहीन, भिंतीला टेकून.

मामा

*

अक्रा,
१६ एप्रिल

मामा,

बसून वाचा. आणि मामीला बोलवा, तिला पहिल्या ओळीपासून ऐकू द्या.

कान गेलेला नाही.

तुमचं पत्र आलं तरी आठवडाभर मी गेले नाही. मग बर्निसला विचारलं, तुम्ही सांगितलंत तसं, तिचे कान कसे आहेत. ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "काय?" मला वाटलं थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो, मग हसत सुटलो, मग ती रडली. दुसऱ्या दिवशी दोघींनी एकत्र सुट्टी काढली.

डॉक्टर लार्टी म्हणून बाई आहेत, गा जमातीच्या आहेत, बोलायला तुमच्यासारख्याच, समोरच्याला पूर्णविराम घेऊ देत नाहीत. कानात दिवा घालून बघितलं आणि म्हणाल्या, "इथे कोणी घर बांधलंय का?" मळ होता, मामा. मी कानात बोंडं घालून रोज तो आत ढकलत होते, वर काडीने साफ करायला जाऊन ठासत होते. दगड झाला होता. थेंब देऊन चार दिवसांनी बोलावलं, कोमट पाण्याने काढला. तो निघाला तेव्हा पहिला आवाज आला तो माझ्याच सँडलचा. मग बाहेर कोणी झाडत होतं ते. मग बाकावरची एक आजी केळ्याचे काप कुरकुर खात होती, ते. मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तिने पुडी पुढे केली.

पण सगळंच मळाचं नव्हतं. एका बंद खोलीत बसवून कानावर हेडफोनच चढवला, आणि बारीक आवाज आला की बटण दाबायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी हेडफोनमधून इतकं हळू काही ऐकलं. उजवीकडे काही आवाज आलेच नाहीत. बाईंनी सांगितलं, कानाच्या आत गवतासारखे बारीक केस असतात, आवाज आला की वाकतात. गवतावरून एकदा चाललं तर ते उठतं. दिवसभर चाललं तर उठायला वेळ लागतो. रोज त्याच जागेवरून चालत राहिलं तर पायवाट होते, आणि पायवाटेवर पुन्हा गवत येत नाही. मी विचारलं, "माझ्यात किती पायवाट?" म्हणाल्या, "आत्ता सांगत नाही. आधी कानाला विसावा, मग पुन्हा बघू."

तीन आठवडे मी फोन उचलायचं काम केलं नाही. मुकादमाला सगळं सांगून टाकलं. त्याने मला लेखी तक्रारींच्या टेबलावर बसवलं, आणि हळूच विचारलं, त्या बाईंचा पत्ता मिळेल का. ट्रोट्रोत काही लावलं नाही. प्रवचनकाराचं आता पाठ आहे. रात्री शांततेत त्या टोळाबरोबर झोपायला शिकले. पहिल्या रात्री उठून भांडी घासली, मग हळूहळू जमलं.

परवा पुन्हा तपासलं. बराचसा कान उठून उभा राहिला आहे. अगदी बारीक, तीव्र आवाजांचा एक पट्टा उजवीकडे गेला तो गेला, तो परत येणार नाही. डावा चांगला आहे. टोळ आहे, पण दूर गेला, शेजाऱ्याच्या अंगणात असल्यासारखा. बाई म्हणाल्या, "वेळेत आलीस. आणखी दोन वर्षं अशीच काढली असतीस तर मी वेगळ्या चेहऱ्याने बोलले असते." आता मला दोन्ही कान झाकणारा मऊ हेडफोन मिळाला आहे. बाहेरचा गोंगाट तोच अडवतो, त्यामुळे बटण निम्म्यावर पुरतं, आणि तासातासाला कान मोकळे करायला उठते. बोंडं फेकली नाहीत, खोटं कशाला सांगू, पण आवाज इतकाच की बाजूचा बोलला तर कळावं. झोपताना काही नाही.

राजमातेला सांगा. सगळं सांगा. आफ्रियेंनाही.

दुफिए

ता. क. मामी, लोणी कोपराला लावलं. कोपर छान झालं.

*

कुमासी, इस्पितळ,
१७ मे

दुफिए,

हे पत्र पडून लिहितो आहे, म्हणून अक्षर माझ्यासारखं दिसणार नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो त्या दरबाराने गुडघ्याचा शेवटचा हिशेब केला. उद्या गुडघा उघडून दुरुस्त करणार आहेत. मामी इथेच आहे, सगळ्या वॉर्डला सूप पाजते आहे.

यायच्या आधी राजमातेकडे गेलो. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिने मला पुन्हा सांगा का म्हटलं नाही?" मी म्हटलं, रीत नाही. ती म्हणाली, "ही रीत कोणी केली?"  कोणी केली? मला कोणी शिकवली, त्याला कोणी शिकवली? माझ्या गुरूला म्हातारपणी कमी ऐकू यायचं, तरी तो पुन्हा विचारत नसे, म्हणून मी विचारलं नाही, म्हणून तुलाही नको म्हणालो. त्या एका नाहीपायी दोन भाऊ बिनविहिरीचे राहिले, त्यांचं प्रकरण राजमातेने तुझ्यासाठीच राखून ठेवलं आहे.

राजमाता म्हणाली, "ऐकू आलं नाही की तिने काठी एकदा जमिनीवर टेकवावी. मी पुन्हा सांगेन. पण डाव्याच बाजूला उभी राहील, मला गावात आणखी मेंढे कापायचे नाहीत. तिथून तिला ऐकू येतं की नाही ते मी स्वतः बघेन."

मग आफ्रियेंकडे गेलो. तुझ्या कानाचं सांगितलं. ते म्हणाले, "काय म्हणालास?" पुन्हा सांगितलं. "जरा मोठ्याने बोल." त्यांची सगळी जवानी करवतीच्या गिरणीत गेली, हे मी विसरलो होतो, आणि बहुतेक तेही. तिसऱ्या वेळेला मी असा ओरडलो की गल्लीतल्या सगळ्यांना तुझा कान कळला. आफ्रिये बराच वेळ स्वतःचा कान चोळत बसले. म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्यांना बघतात का?" मेंढा परत देऊ म्हणत होते, पण तो खाऊन झाला होता.

तर आता येत्या रविवारी तू एकटी आहेस. मागून उठून बोलायला मी नाही. मला झोप येत नाही ती गुडघ्यामुळे, असं मी नर्सला सांगतो. कान कमी पडला तर काठी टेकव. तोंड कमी पडणार नाही, ते माझं आहे. दरबार झाला की त्याच संध्याकाळी लिही, गाडीवाल्याकडे दे, आणि चांगलं-वाईट दोन्ही लिही. मला औषधासारखं गोड करून देऊ नकोस.

मामा

*

अडोमक्रोम,
रविवार, संध्याकाळ

मामा,

चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

वाईट आधी. डाव्या हाताला उभी राहिले, मामीने काढलेलं कापड नेसून, आणि तेवढ्यात कोणी तरी राजमातेच्या डोक्यावरचा, ओसरीच्या छताचा पंखा लावला. राजमाता बोलल्या आणि पंखा त्यांचं वाक्य घेऊन गेला.  सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, बुआडूंचा भाचा जरा जास्तच. मी काठी टेकवली. त्या लाकडाचा आवाज अंगणभर गेला. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. राजमातेने मान माझ्याकडे जराशी वळवली आणि पुन्हा सांगितलं, आहे त्याच आवाजात, एका कणाने मोठा न करता. पंखा चालूच होता. आणि मला ऐकू आलं. सगळं. विहीर धाकट्याची, पण थोरल्याच्या बायकोला पाणी भरायचा हक्क आहे, आणि तिच्याआधी कोणी घागर लावायची नाही. मी ते सांगितलं. साखर घातली, पण बेताची. थोरल्याची बायको उठून नाचली.

पुढे आणखी एकदाच काठी टेकवावी लागली. बाकी सारा दरबार त्या बोलल्या आणि मी बोलले. मामा, खरंच पीठ पडतं. मी फक्त हात पुढे धरून उभी होते.

शेवटाला लाकडाच्या परवान्यांचं लांबलचक प्रकरण चाललं होतं. आफ्रिये सरदारांची मान छातीवर गेली आणि ते घोरायला लागले. बारीक, पण बुआडूंच्या लोकांनी ऐकलं. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, हसू पसरायला लागलं. मला वाटलं, झालं, पुन्हा छत्री मिटणार. तेवढ्यात राजमाता बोलल्या. मी तिकडे बघितलं नाही, लोकांकडेच बघत होते. उजव्या कानाशी, अगदी जवळ, आवाज आला:

"म्हातारा झोपलाय. उठवू नका. नाहीतर तो बोलायला लागेल आणि आपल्याला जेवायला मिळणार नाही."

मी काठी उचलली आणि म्हणाले, "राजमाता म्हणतात, आफ्रिये सरदार डोळे मिटून या प्रकरणाच्या मुळाशी गेले आहेत. त्यांच्या चिंतनात कोणी व्यत्यय आणू नये. दरबार त्यांच्या मानाखातर इथेच थांबतो."

डाव्या बाजूने टाळ्या वाजवल्या, उजव्या बाजूलाही वाजवाव्या लागल्या. आफ्रियेंना त्या ऐकू गेल्या नाहीत, ते झोपलेच होते. खुर्चीतून उठताना राजमातेने माझ्या कोपराचा आधार घेतला. त्यांचे खांदे हलत होते, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या का हसत होत्या हे त्या अंगणात माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

आता तुम्हाला माहीत झालं. दुसऱ्या कोणाला सांगू नका, नर्सलाही नाही.

तुमची,
दुफिए